स्क्रीन रीडर व सुरक्षित खरेदी-संकेतस्थळे

पडद्यावरील मजकूर कृत्रिम वाणीत किंवा ब्रेल लिपीत उपलब्ध करून देणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. 'जॉज' (१९८९) व ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेली विनामूल्य 'एनव्हीडीए' ही तिची परिचित उदाहरणे होत. आंतरजालावर खरेदी करताना डोळस व्यक्ती संकेतस्थळाचा अस्सलपणा पुष्कळदा रंग, बोधचिन्ह व मांडणी यांवरून ठरविते. अंध व्यक्तीस तो पत्त्यावरून ठरवावा लागतो. वस्तुतः पत्ता हाच अधिक भरवशाचा पुरावा होय, कारण मांडणीची नक्कल सहज करता येते.

कुलपाच्या चिन्हाविषयी मोठा गैरसमज आढळतो. पत्त्याच्या आरंभीच्या 'एचटीटीपीएस' या अक्षरांचा अर्थ माहिती सांकेतिक रूपात जाते, एवढाच असतो. विक्रेता प्रामाणिक आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे विनामूल्य मिळत असल्याने ती फसव्या स्थळांकडेही असतात. संगणकावरील क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याजवळचे कुलूप काढले, ते यामुळेच. शिवाय 'सुरक्षित' असे वर्णन जोडलेले कुलपाचे चित्र पृष्ठावर कोणीही घालू शकतो व स्क्रीन रीडर ते निमूटपणे वाचतो. म्हणून ब्राउझर काय सांगतो आणि पृष्ठ काय सांगते, यांतील भेद ओळखणे निर्णायक ठरते. विंडोजवरील क्रोममध्ये 'ऑल्ट' व 'डी' या कळी एकत्र दाबून पत्त्यावर जाता येते. तेथून 'शिफ्ट' व 'टॅब' दाबल्यास स्थळाची माहिती देणारे बटण मिळते.

पत्ता सलग ऐकणे मात्र पुरेसे नाही. 'फ्लिपकार्ट' या नावाच्या रोमन लेखनात 'के'ऐवजी 'सी' घातल्यास उच्चार बहुधा तसाच राहतो. उलट 'आर' व 'एन' शेजारी ठेवून 'एम'चा भास निर्माण करण्याची युक्ती डोळ्यांना फसविते, कानाला सहसा नाही. यास्तव डाव्या-उजव्या बाणाच्या कळींनी एकेक अक्षर ऐकावे. ब्रेल फलक असल्यास हे काम सुकर होते. आरंभीच्या जोड तिरप्या रेषा सोडून पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपूर्वीचा अखेरचा भाग विशेष लक्षपूर्वक तपासावा. प्रसिद्ध नाव आरंभी व परके नाव तेथे असेल, तर स्थळ त्या परक्या नावाचेच समजावे.

पैसे भरताना पुष्कळदा वेगळे पृष्ठ उघडते. तेथेही पत्ता पुन्हा ऐकावा. भारतात आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.