शंभर वेळा मरूनही पुन्हा खेळावेसे का वाटते?

काही दिवसांपूर्वी एक बाई आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार डोकेदुखीची होती. मुलाचे डोळे लाल, चेहरा ओढलेला. "रात्री किती वाजता झोपतोस?" असे विचारताच मुलगा खाली बघू लागला आणि आईच बोलू लागल्या.

"डॉक्टर, दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढे असतो. गणिताचं एक उदाहरण अडलं की वही मिटून ठेवतो. आणि त्या खेळात एका रात्रीत चाळीस वेळा मरतो, तरी जागचा उठत नाही. असं काय आहे हो त्यात?"

वाचकहो, या माउलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. सोपा खेळ, झटपट बक्षीस, म्हणून मुले खेळतात हे आपल्याला समजते. पण जो खेळ खेळणाऱ्याला सतत हरवतो, त्याची ओढ का लागावी? आजच्या लेखात आपण हेच पाहू. कारण समजल्याशिवाय केलेला उपाय सहसा लागू पडत नाही.

हा खेळ आहे तरी कसा?

मी मुलालाच विचारले, "कोणता खेळ रे?" त्याने 'रेन वर्ल्ड' असे नाव सांगितले. तोवर गप्प असलेला हा मुलगा पुढची दहा मिनिटे थांबायला तयार नव्हता.

आज चाळिशीत असलेल्या अनेक वाचकांनी लहानपणी टीव्हीला यंत्र जोडून 'मारिओ' किंवा 'काँट्रा' खेळले असेल. पडद्यावर बाजूने दिसणारा एक छोटा गडी, उड्या मारत पुढे जायचे, खड्ड्यात पडला की मेला. या जातीच्या खेळांना 'प्लॅटफॉर्मर' म्हणतात. 'रेन वर्ल्ड' त्याच घराण्यातला, पण स्वभावाने फार निर्दय. तो मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. 'व्हिडिओकल्ट' नावाच्या एका लहानशा चमूने तो तयार केला. त्याचे मुख्य रचनाकार स्वीडनचे योआर याकोबसन.

यातला नायक म्हणजे 'स्लगकॅट'. अर्धे मांजर आणि अर्धी गोगलगाय असा हा इवलासा पांढरा जीव. कुटुंबापासून ताटातूट होऊन तो ओसाड पडलेल्या कारखान्यांच्या जगात एकटा सापडतो. त्याने अन्न शोधायचे, शिकारी प्राण्यांना चुकवायचे आणि पाऊस सुरू होण्याच्या आत निवारा गाठायचा. हा पाऊस साधा नव्हे. उघड्यावर सापडला तो मेलाच. शिवाय निवाऱ्यात जाऊनही पोट पुरेसे भरलेले असल्याशिवाय झोप लागत नाही. नेहमीच्या खेळात त्यासाठी अन्नाचे किमान चार ठिपके जमवावे लागतात.

सुखरूप झोपला की नायकाचे 'कर्म' एक पायरी वर चढते. मेला की एक पायरी खाली येते. 'कर्म' हा शब्द खेळातलाच आहे बरे का! एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेणारी दारे ठरावीक पायरी गाठल्याखेरीज उघडत नाहीत. म्हणजे दारापाशी पोचूनही मागे फिरावे लागते.

शत्रू म्हणाल तर नाना रंगांचे मोठमोठे सरडे. पांढरा सरडा आसपासच्या रंगात मिसळून दिसेनासा होतो. पिवळे सरडे टोळीने शिकार करतात. वरून गिधाडासारखे पक्षी झडप घालतात. हे प्राणी खेळाडूची वाट पाहत एका जागी उभे नसतात. ते आपले भक्ष्य शोधत हिंडतात, आपसात भांडतात, घाबरून पळतातही. त्यामुळे काल जी वाट सुरक्षित होती, तिथेच आज सरडा दबा धरून बसलेला असू शकतो.

याकोबसन काही काळ दक्षिण कोरियातील सोल शहरात राहिले होते. परक्या शहरातले ते परकेपण या खेळाच्या मुळाशी आहे. मोठ्या शहरातल्या भुयारी रेल्वेत राहणारा उंदीर कुठे खायला मिळते, कुठे लपायचे हे शिकतो. पण हे बोगदे कोणी आणि कशासाठी बांधले हे त्याला कधीच कळत नाही. खेळणाऱ्याची अवस्था तशीच व्हावी, ही मूळ कल्पना.

खेळ आला तेव्हा समीक्षकांची मते विभागलेली होती. हा खेळ अन्यायाने छळतो, असे काहींनी लिहिले. तरीही त्याचे चाहते वाढत गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये 'डाउनपोर' नावाची मोठी भरही त्यात पडली.

ओढ कशामुळे लागते?

पहिले कारण म्हणजे यात खेळणाऱ्याचे शहाणपण वाढते. बऱ्याच खेळांत पुढे गेले की नवे शस्त्र मिळते, ताकद वाढते. इथे स्लगकॅटची उडी शेवटपर्यंत पहिल्या दिवसाएवढीच राहते. वाढते ते खेळणाऱ्याचे ज्ञान. कोणता सरडा भिंतीवर चढतो, कोणता चढत नाही, कोणाला खाऊ घातले तर तो मित्र होतो, हे सगळे मरून मरूनच शिकावे लागते. म्हणून दहा वेळा हरल्यावर जेव्हा निवारा सापडतो, तेव्हा "हे मला जमले" ही भावना खरी असते. ती कोणी दान दिलेली नसते.

दुसरे कारण आहे तल्लीनतेचे. मूळचे हंगेरियन असलेले मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी अमेरिकेत यावर आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे गाजलेले पुस्तक १९९० साली निघाले. काम फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार अवघड असले तर धास्ती वाटते. दोन्हींच्या मध्ये, आपले कौशल्य पुरते ताणणारे काम मिळाले, की माणूस वेळेचे भान विसरतो. अवघड गाणे बसवणारा गायक किंवा कड्यावर चढणारा गिर्यारोहक हा अनुभव घेतो. अवघड खेळ खेळणारा मुलगाही तोच घेत असतो.

तिसरे कारण भीतीनंतर मिळणाऱ्या सुटकेचे. पाऊस गडगडू लागला, मागे सरडा लागला, की खेळणाऱ्याच्या शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक वाढते. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो. धोका पडद्यावरचा आहे हे बुद्धीला माहीत असते, पण शरीर तेवढा विचार करत बसत नाही. मग निवाऱ्याचे दार बंद होते आणि एकदम हायसे वाटते. आधीचा ताण जेवढा मोठा, तेवढे हे सुख गोड.

मेंदूत काय घडते?

मेंदूतील डोपामिन या रसायनाचे नाव हल्ली सर्वांच्या कानावर असते. त्याला 'सुखाचे रसायन' म्हणतात, पण ते अर्धवट बरोबर आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की माकडाच्या डोपामिन पेशी जोरात चेतत. पुढे खुणेचा दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकले, तेव्हा त्या पेशी रसाला नव्हे तर दिव्यालाच चेतू लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या मंदावत. म्हणजे डोपामिन हे मुख्यतः 'अपेक्षेपेक्षा जास्त की कमी' याचा हिशेब ठेवते आणि त्यातून मेंदू शिकतो.

आता विचार करा. ज्या खेळात जिंकणार हे ठाऊकच आहे, तिथे नवल ते काय? पण जिथे बहुतेक वेळा हारच होते, तिथे अवचित मिळालेले यश मेंदूला फार मोठे वाटते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन मेंदूची तपासणी केली गेली. खेळताना मेंदूत डोपामिन स्रवते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले.

यात घाबरण्यासारखे काही नाही. चांगले जेवण, मित्रांशी गप्पा यांनीही डोपामिन स्रवते. मात्र "अगदी थोडक्यात हुकले, आता एकदाच" हा विचार पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर यात आहे. आणि ते 'एकदाच' रात्री दोन वाजता संपते, इथून आरोग्याचा प्रश्न सुरू होतो.

केव्हा सावध व्हावे?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत असा खेळ खेळला, तर उत्तेजित झालेले शरीर लवकर शांत होत नाही. पडद्याचा उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला मागे सारतो. टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. मान आखडते, अंगठा आणि मनगट दुखते. त्या मुलाच्या डोकेदुखीमागे अपुरी झोप आणि ताणलेले डोळे, हीच दोन कारणे निघाली. ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे, त्यांनी भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणजे खेळाच्या व्यसनाधीनतेला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. ही नवी यादी २०१९ साली मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीन लक्षणे महत्त्वाची आहेत. एक, खेळावर ताबा न राहणे. दोन, जेवणखाण, अभ्यास, मित्र या साऱ्यांपेक्षा खेळ मोठा होणे. तीन, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. यामुळे घरातले, शिक्षणातले किंवा कामातले जीवन ठळकपणे बिघडलेले असावे आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने चाललेले असावे. परीक्षेनंतरच्या सुट्टीत चार दिवस खूप खेळला म्हणजे मुलगा व्यसनी झाला, असे नव्हे.

पालकांनी काय करावे?

१. रागाच्या भरात वायर उपटू नका. निवाऱ्यापासून दोन पावलांवर असताना खेळ बंद पडला, तर मुलाचा संताप होणारच. 'रेन वर्ल्ड'सारख्या खेळात झोपेचा टप्पा आपोआप येतो. "पुढच्या निवाऱ्याला थांबायचे" असे आधीच ठरवा.

२. झोपण्यापूर्वी किमान एक तास खेळ बंद ठेवावा. कॉम्प्युटर किंवा मोबाइल झोपण्याच्या खोलीत नसावा.

३. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. तासाभराने उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे.

४. रोज घराबाहेर, मोकळ्या हवेत खेळणे किंवा फिरणे व्हावे.

५. आठवड्यातून एकदा शेजारी बसून मुलाला खेळ समजावून सांगायला लावा. तो काय खेळतो हे कळेल, आणि बोलणे सुरू होईल.

६. वरची तीन लक्षणे दिसत असतील, मूल उदास किंवा एकलकोंडे होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत अशा तक्रारींसाठी २०१४ पासून खास क्लिनिक सुरू झाले. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला मिळतो.

एक गोष्ट राहिली

निघण्यापूर्वी मी त्या मुलाला विचारले, "खेळात चाळीस वेळा मरतोस, तेव्हा वाईट नाही वाटत. मग गणितात एकदा चुकलं तर एवढं काय होतं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खेळात मेलो तर कोणाला कळत नाही. गणितात चुकलो की घरात सगळ्यांना कळतं."

आईंच्या डोळ्यांत पाणी आले. पहिल्या चाचणीत तो गणितात नापास झाला होता आणि महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

खेळातही चुकीची किंमत मोजावी लागतेच. कर्माची पायरी खाली जाते. पण ती पायरी पुन्हा कमावता येते, ही खात्री असते. कोणी टोमणा मारत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही. कुठे चुकले ते पाहायचे आणि पुन्हा निघायचे. मुलांना अवघड गोष्टी नको असतात, हा आपला समज चुकीचा आहे. अवघडाची त्यांना आवडच असते. नको असते ती चुकल्यानंतरची फजिती.

मी मुलाला रात्री दहानंतर कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितले आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगितली. आईंना मात्र वेगळीच चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या वेळी गणितात चूक झाली, की "परत चुकलास?" असे म्हणायचे नाही. "कुठं अडलं, दाखव बरं," एवढेच विचारायचे.

तीन आठवड्यांनी ते दोघे पुन्हा आले. डोकेदुखी बरीच कमी होती. गणिताचे अजून काही खरे नव्हते. पण वही उघडी राहू लागली आहे, असे आईंनी सांगितले.