झाकून ठेवलेली साखर

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या कॉलेजात इंटर्नल टेस्ट चालू होती आणि मी सुपरव्हिजनवर होतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी सारखी बॅगेत हात घालत होती. हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. मला वाटले, चिठ्ठी! जवळ जाऊन जरा चढ्या आवाजातच म्हणालो, ‘‘काय आहे ते दाखव.’’ तिने मूठ उघडली. मुठीत लिमलेटच्या दोन गोळ्या होत्या.

पेपर संपल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन थांबली. अकराव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे, रोज इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात. साखर एकदम उतरली की हात थरथरतात. ‘‘सर, कुणाला सांगू नका,’’ म्हणाली. घरात वडील मराठी, आई कन्नड. दोन्ही आज्यांचे एरवी कशावर एकमत होत नाही, पण या बाबतीत झाले आहे. एक म्हणते, बाहेर सांगू नको. दुसरी म्हणते, होरग हेळब्याड. उद्या स्थळ येणार कसे?

मी ओशाळलो. आणि त्या रात्री मला कपाटातली एक सीडी आठवली.

माझा एक मावसभाऊ शिकागोजवळ नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी सुटीत आला तेव्हा त्याने मला ‘धिस ओल्ड कब’ नावाच्या माहितीपटाची डिस्क दिली होती. बेसबॉलच्या एका जुन्या खेळाडूवर त्याच्याच मुलाने, जेफ सँटोने, 2004 मध्ये काढलेला हा चित्रपट. आपल्याला बेसबॉलचे काय पडले आहे, असे म्हणून मी ती तशीच ठेवून दिली होती. त्या रात्री लावली आणि शेवटपर्यंत पाहिली. नंतर या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो.

रॉन सँटो. जन्म 25 फेब्रुवारी 1940, अमेरिकेच्या वायव्य टोकाचे सिअॅटल शहर. ‘शिकागो कब्ज’ संघाचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू.

आपल्याला क्रिकेटच्या भाषेतच समजून घ्यावे लागेल. बेसबॉलचे मैदान हिऱ्याच्या आकाराचे. फलंदाज उभा राहतो तिथून डाव्या हाताला 90 फुटांवर तिसरा बेस. आपल्या मिडविकेटची जागा म्हणा, पण फार जवळ. उजव्या हाताचा फलंदाज जोर लावून फटका ओढतो तो याच बाजूला. चेंडू अंगावर सणसणत येतो म्हणून अमेरिकेत या जागेला ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात. तो नुसता अडवून भागत नाही. उचलून समोरच्या पहिल्या बेसवर, म्हणजे सुमारे 127 फूट लांब, अचूक फेकायचा आणि तोही फलंदाज धावत तिथे पोहोचण्याआधी. डोळे, हात आणि पाय तिन्ही एकाच क्षणी शाबूत असावे लागतात. हे लक्षात ठेवा, कारण सँटोला झालेला रोग नेमका याच तिघांवर उठतो.

शाळेत असतानाच त्याच्यावर बऱ्याच संघांची नजर होती. इतर संघ जास्त पैसे देत असताना त्याने कब्ज निवडला. पहिल्या सराव शिबिराला जाण्याआधी नेहमीची वैद्यकीय तपासणी झाली आणि अठराव्या वर्षी त्याला कळले की आपल्याला टाइप वन मधुमेह आहे. तो वाचनालयात गेला आणि या रोगावरचे पुस्तक उघडून बसला. त्यात लिहिले होते की अशा रुग्णाला साधारण 25 वर्षे मिळतात. दृष्टी जाणे, मूत्रपिंड निकामी होणे, पाय कापावे लागणे, हे सगळे ओघाने आलेच. त्याने पुस्तक मिटले आणि ठरवले, संघाला सांगायचे नाही. सांगितले तर खेळू देणार नाहीत.

26 जून 1960 रोजी तो कब्जकडून पहिला सामना खेळला. पुढची चौदा वर्षे ती जागा त्याचीच. 1964 ते 1968 अशी सलग 5 वर्षे त्याला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ मिळाला. ऑल स्टार संघात 9 वेळा निवड. कारकिर्दीत 342 होमरन. चेंडू सोडून देण्याचा संयमही असा की चार हंगामांत त्याच्या लीगमध्ये सर्वाधिक ‘वॉक’ त्याने मिळवले. मला स्वतःला मात्र 1966 चा उन्हाळा सर्वांत मोठा वाटतो. त्या जूनमध्ये चेंडू तोंडावर बसून त्याच्या गालाचे हाड मोडले. तोवर तो सलग 390 सामने खेळला होता. शस्त्रक्रिया झाली, आणि काही दिवसांत स्वारी कान झाकणारे जुगाडी हेल्मेट घालून पुन्हा मैदानात! त्याच काळात सलग 28 सामन्यांत त्याने हिट मारली. आज प्रत्येक फलंदाजाच्या डोक्यावर कान झाकणारे हेल्मेट दिसते, त्याची सुरुवात करणाऱ्यांत हा एक.

हे सगळे चालू असताना तो रोज स्वतःला इन्सुलिन टोचून घेत होता. आज बोटाला टोचून घरच्या घरी साखर पाहता येते. तेव्हा ते यंत्र नव्हते. साखर किती आहे हे तो स्वतःच्या अंगावरून ओळखायचा. चिडचिड वाढली, गळून गेल्यासारखे झाले की चॉकलेट खायचे. कब्जच्या रिग्ली फील्डवर तेव्हा दिवेच नव्हते (ते 1988 मध्ये आले), म्हणजे घरचे सगळे सामने भर दुपारी, उन्हात.

एक किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. आपली खेळायची पाळी येण्याची वाट पाहत असताना साखर एकदम उतरली. तिन्ही बेसवर आपले धावक उभे, डोळ्यांपुढे अंधारी. पिचरने चेंडू टाकला तर त्याला तीन चेंडू दिसले. त्याने मधल्यावर बॅट फिरवली आणि चेंडू थेट मैदानाबाहेर! प्रेक्षक नाचत होते आणि याचे लक्ष फक्त डगआऊटमधल्या चॉकलेटकडे. पुढचा धावक रमतगमत पळत होता. त्याला ओलांडता येत नाही, तसा नियम आहे. तेवढे काही सेकंद आयुष्यातले सर्वांत लांब गेले, असे तो सांगे.

तो संत नव्हता. 1969 मध्ये एका नवख्या खेळाडूच्या हातून झेल निसटले, तर सँटोने पत्रकारांसमोर त्याला फाडून खाल्ले. दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागितली, पण घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवलीच. त्याच हंगामात जिंकल्यावर हवेत उडी मारून टाचा एकमेकींवर आपटायची त्याला सवय लागली होती. प्रतिस्पर्ध्यांना ते अर्थातच झोंबायचे. ऑगस्टमध्ये कब्जकडे भलीमोठी आघाडी होती. 9 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सँटो पाळीची वाट पाहत उभा असताना कुठूनसे एक काळे मांजर आले आणि त्याच्या जवळून फिरून गेले. मांजर आडवे गेले म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. कब्ज 8 सामन्यांनी मागे पडून हरला. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही, पण अमेरिकन लोक आजही त्या मांजराविषयी बोलतात तेव्हा बरे वाटते. आपणच तेवढे नाही!

1971 च्या ऑगस्टमध्ये कब्जने ‘रॉन सँटो दिन’ ठरवला. त्याआधी काही दिवस संघाच्या बैठकीत व्यवस्थापक लिओ ड्युरोशर म्हणाला, हा दिवस तर सँटोने मागूनच घेतला आहे. सँटो त्याच्या अंगावर धावून गेला, लोकांनी आवरले. 28 ऑगस्टला समारंभ झाला आणि त्या निमित्ताने सँटोने आपला मधुमेह जगाला सांगितला. वय 31. बारा-तेरा वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट. संघातल्या लोकांना ती आधी कळली होती, पण वर्तमानपत्रात येणे वेगळे. आकाशपाताळ एक झाले नाही. उलट मधुमेही मुलांचे आईबाप त्याला पत्रे लिहू लागले. पुढे त्याच्या नावाने निघणाऱ्या पदयात्रांनी मधुमेह संशोधनासाठी 6 कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला.

1974 मध्ये शिकागोच्याच दुसऱ्या संघातून, व्हाइट सॉक्समधून, तो निवृत्त झाला. वय फक्त 34.

मग सुरू झाली प्रतीक्षा. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ आहे. तिथे जायला पत्रकारांची 75 टक्के मते लागतात. 1980 मध्ये सँटोला 4 टक्केही मिळाली नाहीत आणि यादीतून नावच गेले. 1985 मध्ये परत घेतले. 1998 च्या शेवटच्या संधीत 43 टक्के. नंतर ज्येष्ठांच्या समितीने एकामागून एक फेऱ्यांत नाकारले. 2007 मध्ये 5 मते कमी पडली. त्याच्या कब्जमधले तीन साथीदार, अर्नी बँक्स, बिली विल्यम्स आणि फर्गी जेंकिन्स, केव्हाच आत जाऊन बसले होते.

1990 पासून तो कब्जच्या सामन्यांचे रेडिओवर समालोचन करी. तटस्थता वगैरे काही नाही. संघाचा झेल सुटला की हा माइकवरच कळवळून ओरडायचा, आणि शिकागोतल्या घराघरात लोक त्याच्याबरोबर हळहळायचे. त्याच शे स्टेडियममध्ये 2003 साली समालोचन कक्षातल्या हीटरने त्याचा केसांचा टोप पेटला होता! ते सांगताना तोच सगळ्यांत जास्त हसायचा. 2001 मध्ये उजवा पाय गुडघ्याखाली कापला, 2002 मध्ये डावा. वाचनालयातल्या पुस्तकाने सांगितले होते तसेच. कृत्रिम पायांवर तो पुन्हा माइकपुढे आला.

28 सप्टेंबर 2003 रोजी कब्जने त्याचा 10 नंबर कायमचा निवृत्त केला. डाव्या बाजूच्या खांबावर 10 आकड्याचा झेंडा चढला. हेच माझे हॉल ऑफ फेम, असे तो त्या दिवशी म्हणाला.

3 डिसेंबर 2010 रोजी तो गेला, वयाच्या सत्तराव्या वर्षी. त्या पुस्तकाच्या हिशेबापेक्षा दुपटीने जगला. रक्षा रिग्ली फील्डवर विखुरली गेली. आणि जेमतेम एक वर्षाने, डिसेंबर 2011 मध्ये, समितीच्या 16 पैकी 15 जणांनी त्याला मत दिले. आकडे तेच, होमरन तेच. 1974 नंतर त्यात एकाची भर पडलेली नव्हती. मग ती मते तो जिवंत असताना का पडली नाहीत? याचे पटणारे उत्तर मला कुठे वाचायला मिळाले नाही. 2012 च्या जुलैत कूपर्सटाउनला त्याच्या वतीने पत्नी विकी बोलली. कब्जने 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली ती 2016 मध्ये. तीही त्याला दिसली नाही.

ती डिस्क मी त्या विद्यार्थिनीला दिली. तिला वासिम अक्रम माहीत होता. तिशीत मधुमेह निघाल्यावरही तो 2003 पर्यंत खेळला, हे तिने कुठेतरी वाचले होते. बेसबॉल काही कळले नाही म्हणाली, पण तीन चेंडूंचा भाग तिने दोनदा पाहिला.

हा लेख नाव न घालता लिहायला तिने होकार दिला आहे. यंदाच्या टेस्टला मी पुन्हा त्याच वर्गावर होतो. लिमलेटच्या गोळ्या बाकावर, पेनाशेजारी ठेवलेल्या होत्या. शेजारच्या मुलीने विचारले तेव्हा तिने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. दोन्ही आज्यांना हे अजून माहीत नाही.