आधी हात, मग बाळ



माझा नातू आठव्या महिन्यातच जन्मला. वजन जेमतेम दीड किलो. कानात अजान द्यायची म्हणून मी रुग्णालयात धावलो, तर नवजात अतिदक्षता कक्षाच्या दारातच सिस्टरनं अडवलं. ''आजोबा, अंगठी, घड्याळ काढा. कोपरापर्यंत हात धुवा.'' मला राग आला. मी तर वजू करून निघालो होतो! पण वजूनंतर रिक्षाची दांडी, लिफ्टचं बटण, मोबाईल, सगळ्याला हात लागलाच होता. तिथल्या डॉक्टरांनी मग जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, वारेतून. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही शिदोरी अर्धीमुर्धीच मिळते. त्वचाही नाजूक. त्यात औषधं आणि पोषण देण्यासाठी शिरेत बारीक नळी घातलेली. बाळाला जगवणारी ही नळीच जंतूंना रक्तात शिरायची वाट ठरू शकते. रक्तातल्या अशा जंतुसंसर्गातून जो गंभीर आजार होतो, त्याला 'सेप्सिस' म्हणतात. त्यात ताप येईलच असं नाही. बाळ उलट थंड पडतं, दूध ओढत नाही, निपचित होतं, मध्येच श्वास थांबतो.

दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता कक्षातल्या १३,५३० अर्भकांची पाहणी झाली. शंभरातल्या सुमारे चौदा बाळांना सेप्सिस झाला. जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यूंमागे तेच कारण होतं. सापडलेल्या जंतूंपैकी बरेचसे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. म्हणून औषधापेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा.

हा धडा जुनाच आहे. १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले.

आजचे उपायही साधेच आहेत. प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. नळीचं तोंड जोडण्यापूर्वी दरवेळी जंतुनाशकानं घासून पुसायचं. नळीची गरज संपली की त्याच दिवशी काढायची. एका खाटेवर दोन बाळं ठेवायची नाहीत. गरज नसताना प्रतिजैविकं द्यायची नाहीत.

आणि आई? तिचं दूध हे बाळाचं संरक्षणच. तिच्या उघड्या छातीशी बाळ ठेवण्याच्या 'कांगारू' पद्धतीचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत केला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले, सेप्सिसही घटला.

तेव्हा श्रोतेहो, सिस्टरनं अडवलं तर रागावू नका. सर्दी-खोकला असेल तर बाहेरच थांबा. बाळाचे पापे घेऊ नका. आणि कुणी हात न धुता बाळाजवळ गेलं, मग ते डॉक्टर का असेनात, तर नम्रपणे आठवण करून द्या.

मी हात धुतले, आत गेलो, थोडं अंतर राखून हलक्या आवाजात अजान दिली. शेजारच्या पेटीत आणखी कुणाचं तरी बाळ झोपलं होतं. धुतलेले हात त्याच्यासाठीही होते.