खो मिळेपर्यंत

खो-खोच्या मैदानावर आठ मुली मध्यपाटीवर बसलेल्या असतात, एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. नववी पाठलागावर. पळणारी अगदी हाताच्या अंतरावरून निसटते, तरी बसलेलीला जागचं हलता येत नाही. मागून पाठीला हात लागला आणि ‘खो’ कानावर पडला, तरच उठायचं. आधी उठलं की फाउल. उठून एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही आणि मध्यपाटीही ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. तिने उजवीकडे हूल दिली तर क्षणभर स्वतःला आवरायचं, तिचा पाय खरोखर कुठे पडतोय ते बघायचं आणि मगच झेपावायचं. नियमांकडे नीट पाहिलं तर या पळण्याच्या खेळाचा निम्मा भाग थांबण्याचा आहे.

हे थांबणं मेंदूसाठी सोपं नाही. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्यात मोठा वाटा उचलतो आणि तो पुरता पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. उसळून आलेली कृती रोखणं, चालू घडामोडी डोक्यात धरून ठेवणं आणि परिस्थिती पालटली की बेत बदलणं, या तीन क्षमतांना मेंदूविज्ञान कार्यकारी क्षमता म्हणतं. आयुष्यात त्या किती कामी येतात हे न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराने दाखवलं. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. बालपणी ज्यांचा स्वतःवर ताबा अधिक होता, त्यांची वयाच्या ३२व्या वर्षी तब्येत आणि आर्थिक स्थिती सरस होती, गुन्ह्यांत अडकण्याचं प्रमाणही कमी होतं. बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला.

मग हा ताबा खेळातून वाढतो का? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या गटाने सात ते नऊ वर्षांच्या २२१ मुलांवर प्रयोग केला. निम्मी मुलं नऊ महिने शाळा सुटल्यावर खेळायला येत. लक्ष विचलित होऊ न देणं आणि एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं यांत ती उरलेल्यांपेक्षा जास्त सुधारली, आणि ज्यांची हजेरी चांगली त्यांना फायदाही अधिक. या विषयात अनेक वर्षं काम केलेल्या ॲडेल डायमंड मात्र बजावतात की नुसती धावाधाव फारसं देत नाही. डोकं चालवावं लागेल असा खेळ हवा. मला हे पटतं. मैदानाला फेऱ्या मारून दम वाढेल, पण फेऱ्या मारताना हूल ओळखावी लागत नाही.

खेळ शिकवायचा कसा, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्राथमिक शाळेतल्या काही मुलांना तायक्वांदो शिकवलं, बाकीच्यांना नेहमीचा पीटीचा तास. तायक्वांदोची मुलं स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकत: मी कुठे आहे? काय करतोय? काय करायला हवं? त्यांचं आत्मनियंत्रण आणि वर्गातली वागणूक दोन्ही सुधारली. त्याआधी १९८६ मध्ये मायकेल ट्रुल्सन यांनी गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरांवर केलेला एक छोटा प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. आदर, संयम, ध्यान यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकलेल्यांची आक्रमकता उतरली. ज्यांना फक्त लढायचं तंत्र शिकवलं, त्यांची वाढली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले. त्याने शाळाशाळांत खो-खोला पुन्हा मान मिळाला तर आनंदच आहे. पण परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला देणारी शाळा, आणि फाउल झाला की सगळ्यांसमोर पोरीवर खेकसणारे सर, हे दोन्ही बदलायला हवं. त्याच मुलीला बाजूला घेऊन “अगं, खो मिळायच्या आधी का उठलीस? काय दिसलं तुला?” एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. उत्तर देताना ती स्वतःच्या घाईकडे बघते, आणि ही सवय तिला गणिताच्या पेपरातही उपयोगी पडेल.