टोळांवर पहारा, पतंगांना मोकळे रान

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथील कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्रज्ञांना मक्याच्या पोंग्यात एक अनोळखी अळी आढळली. ती मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी होती. २०१६ पासून तिने आफ्रिकेत धुमाकूळ घातला होता, पण आशियात तिची नोंद प्रथमच होत होती. बंगळूरुच्या हेब्बाळ भागातील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने जनुकीय चाचणीच्या आधारे तिची ओळख पटवली आणि ३० जुलै रोजी देशाला सावध करणारा इशारा प्रसृत केला. तोवर बंगळूरुजवळच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील मक्याच्या एका शेतात प्रादुर्भाव ७० टक्क्यांच्या वर गेला होता. सप्टेंबरमध्ये ही अळी सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर आणि सांगली जिल्ह्यातील उसावरही सापडली. पुढच्या वर्षी ती मिझोरमपर्यंत पोहोचली.

या घटनाक्रमात शास्त्रज्ञांकडून दिरंगाई झाली, असे म्हणता येणार नाही. अनोळखी कीड हुडकणे, तिची खातरजमा करणे आणि जाहीर इशारा देणे ही कामे अवघ्या अडीच-तीन महिन्यांत झाली. तरीही इशारा मागे राहिला आणि कीड पुढे गेली. आपल्या पीक संरक्षण व्यवस्थेने या विसंगतीचा विचार अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

लष्करी अळीचा पतंग वाऱ्याची साथ मिळाल्यास एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. मादी आपल्या अल्पायुष्यात हजाराहून अधिक अंडी घालते आणि उष्ण हवामानात महिन्याभरात पुढची पिढी उडण्यास सज्ज होते. अंड्यांतून बाहेर पडलेल्या कोवळ्या अळ्या प्रथम पाने खरवडतात, मग पोंग्यात शिरतात. तेथे त्यांच्याच विष्ठेचा बोळा वरून बसला, की फवारलेले औषध त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती उपचाराचे मोजकेच दिवस असतात. ते हुकले, की फवारणीवरचा खर्च वाया जातो आणि त्या औषधाने अळीवर जगणारे मित्रकीटक तेवढे मरतात. अल्पभूधारकाच्या दृष्टीने आठ दिवस आधी मिळालेली सूचना आणि आठ दिवस उशिरा आलेला सल्ला यांत अख्ख्या हंगामाचे अंतर असते.

दूरवरून येणाऱ्या किडीची आगाऊ चाहूल घेण्याची कला आपल्याला अवगत नाही, असे नाही. टोळधाडीचा इशारा देणारी संघटना भारतात १९३९ पासून कार्यरत आहे. राजस्थान आणि गुजरातमधील सुमारे २ लाख चौरस किलोमीटर वाळवंटी प्रदेशावर तिची नजर असते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतील पाऊस, हिरवळ आणि वारा पाहून टोळांच्या हालचालींचे अंदाज वर्तवते. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरली. विदर्भासाठी ते संकट अनपेक्षित होते. पण टोळ कोठे वाढत आहेत आणि कोणत्या दिशेने सरकत आहेत, याची नोंद देशाच्या पश्चिम सीमेवर आधीपासून होत होती.

टोळ दिवसा उडतात, आभाळ झाकोळून टाकतात आणि दुष्काळाच्या आठवणी जाग्या करतात. म्हणून त्यांच्यासाठी कायमची यंत्रणा उभी राहिली. करड्या रंगाचा क्षुद्र पतंग मात्र रात्रीच्या अंधारात, शेकडो मीटर उंचीवरून, कोणाच्याही दृष्टीस न पडता जातो. त्याच्यासाठी असा पहारा नाही.

आपल्याकडे आहे ती मुख्यतः शेतातील पाहणी. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर महाराष्ट्राने दुसऱ्याच वर्षी क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. सर्वेक्षक ठरावीक शेतांत जाऊन किडींची संख्या मोजतात आणि त्यावरून सल्ला निघतो. कर्नाटकात रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने ई-सॅप ही प्रणाली घडवली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली आणली. तिच्यात शेतकऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कीड ओळखली जाते. या तिन्ही उपक्रमांचे मोल निर्विवाद आहे. मात्र छायाचित्र काढण्याजोगी अळी पानावर दिसते, तेव्हा तिची माता तेथे येऊन गेलेली असते. ही आलेल्या संकटाची नोंद आहे. तिला पूर्वानुमान म्हणता येत नाही.

इतरत्र याहून पुढचे पाऊल टाकले गेले आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड संस्था १९६४ पासून उंच शोषण-सापळ्यांच्या जाळ्याने हवेतील मावा मोजत आहे आणि त्याची वार्तापत्रे शेतकऱ्यांना पुरवत आहे. चीनमध्ये २०१९ च्या प्रारंभी युनानमध्ये आढळलेली लष्करी अळी त्या एका वर्षात २६ प्रांतांत पसरली. तेथेही प्रसार थांबवता आला नाही. परंतु प्रखर दिव्यांचे सापळे, कीटकांसाठीची रडारे आणि वाऱ्यांच्या मार्गांचे गणित यांच्या आधारे पतंग उत्तरेकडे केव्हा सरकतील, याचे अंदाज बांधले गेले आणि पुढच्या प्रांतांना तयारीला अवधी मिळाला.

हेच प्रारूप दख्खनच्या पठारावर जसेच्या तसे लागू पडणार नाही. उत्तर चीनच्या कडाक्याच्या थंडीत ही कीड तग धरत नाही, त्यामुळे तेथे ती दरवर्षी दक्षिणेतून नव्याने येते. कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात ओलिताखाली वर्षभर कोठे ना कोठे मका उभा असतो. पाहुणी म्हणून आलेली कीड येथे घरचीच झाली आहे. त्यामुळे पतंग कोणत्या देशातून येतील यापेक्षा उन्हाळी मक्यातून खरिपाच्या कोवळ्या पिकाकडे केव्हा आणि कोणत्या वाऱ्याबरोबर निघतील, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधणे तुलनेने स्वस्तही आहे. नर पतंगांना आकर्षित करणारे कामगंध सापळे एकरी ५ या प्रमाणात, हंगामात आणि हंगामाबाहेरही, प्रादुर्भाव असलेल्या आणि होऊ शकणाऱ्या क्षेत्रांत लावावेत, ही शिफारस सरकारी पत्रकांत आहेच. उणीव आहे ती त्या सापळ्यांतील रोजचे आकडे राज्यांच्या सीमा ओलांडून एकत्र येण्याची आणि हवामान विभागाच्या वाऱ्यांच्या नोंदींशी जोडले जाण्याची.

सीमेची किंमत आपण पूर्वी मोजलेली आहे. २००२ मध्ये सांगली परिसरात दिसलेला उसावरील लोकरी मावा पाहता पाहता कर्नाटकात पसरला. २०१८ मध्ये लष्करी अळीने उलटा प्रवास केला. दोन्ही वेळा कीड एका राज्यातून दुसऱ्यात सहज गेली. माहितीला मात्र पत्रव्यवहाराची वाट पाहावी लागते. टोळांसाठी जसा एकच केंद्रीय कक्ष आहे, तसा रात्री उडणाऱ्या किडींसाठी का नसावा? ओळख पटवण्याचे कौशल्य आणि मित्रकीटकांवरील अनेक दशकांचे काम बंगळूरुत आहे, सर्वेक्षकांची फळी महाराष्ट्रात आहे आणि वाऱ्याची माहिती हवामान विभागाकडे आहे. या तिन्हींना जोडणारी जबाबदारी कोणा एकावर सोपवलेली नाही. ती सोपवायची असेल, तर निर्णय पेरणीच्या तोंडावर घेऊन भागणार नाही. खरिपाचा मका जूनमध्ये पेरला जातो; सापळ्यांतील पतंगांची मोजदाद मार्चमध्येच सुरू व्हायला हवी.