जुन्या ट्रॅक्टरांवरील नाममुद्रा आणि मोनोग्राम

जुन्या ट्रॅक्टरांवरील नाममुद्रा म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, पुढील जाळीवर व मडगार्डवर लावलेली उत्पादकाची नावे, प्रतिमानांचे क्रमांक आणि व्यापारचिन्हे होत. भारतात १९६० ते १९९० या काळात तयार झालेल्या बहुतेक ट्रॅक्टरांची मूळ रचना परदेशी होती आणि परदेशी कंपनीशी केलेल्या सहकार्य-करारानुसार ते येथे बनत असत. त्यामुळे करार बदलला की बॉनेटवरील नाव बदले. यंत्र मात्र पुष्कळदा तेच राही. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भातील वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत, जुना ट्रॅक्टर ओळखताना, त्याचे सुटे भाग मिळवताना किंवा त्याची खरेदी-विक्री करताना या नावांचा इतिहास माहीत असणे उपयोगी ठरते.

संज्ञा

बोलीत धातूच्या उठावाच्या चिन्हाला ‘मोनोग्राम’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आद्याक्षरांची गुंफण असा असला, तरी मराठी वाहनबाजारात तो कोणत्याही उत्पादकचिन्हासाठी वापरला जातो. चिकटवलेल्या छापील पट्टीला ‘स्टिकर’, तर कापून लावलेल्या रंगीत किंवा चमकत्या पट्टीला ‘रेडियम’ म्हणतात. या पट्टीत रेडियम हे मूलद्रव्य अर्थातच नसते. उत्पादकाचे नाव, प्रकार व क्रमांक कोरलेल्या पत्र्याच्या तुकड्यास ‘नेमप्लेट’ असे नाव आहे.

नाव उमटवण्याच्या पद्धती

आरंभीच्या ट्रॅक्टरांवर नाव ओतकामातच उठवलेले असे. रेडिएटरच्या वरच्या ओतीव टाकीवरील अक्षरे गंजली तरी पुसली जात नसत. पत्र्याचे बॉनेट आल्यावर अक्षरे पत्र्यात दाबून उठवणे, पत्र्याच्या साच्यातून रंग मारणे किंवा मीना चढवलेले चिन्ह स्क्रूने बसवणे या पद्धती रूढ झाल्या.

त्यानंतर पाण्याने उतरणारी छाप आली. डिंक लावलेल्या कागदावर रंग व वार्निशचे थर देऊन अक्षरे छापली जात. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटे आणि वरचा पातळ पापुद्रा बॉनेटवर सरकवून बसवता येई; वरून पुन्हा वार्निशचा हात दिला जाई. चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे उतरवण्यासाठी हे तंत्र आधीपासून वापरात होते. शेतात मात्र इंजिनची उष्णता, सांडलेले डिझेल आणि ऊन यांपुढे हा पापुद्रा फार काळ टिकत नाही. तो प्रथम तडकतो, मग त्याचे कपचे निघतात. पुढे व्हिनाइलच्या स्वयंचिकट पट्ट्यांनी त्याची जागा घेतली. एका वेळी एक अक्षर रंगवणाऱ्या गावच्या पेंटरचे पुष्कळसे काम नंतर रेडियमच्या दुकानांकडे गेले.

वर्धा जिल्ह्याची पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात (त्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात) होता. त्या मोठ्या राज्यात ट्रॅक्टर प्रथम मोठ्या प्रमाणावर आले ते शेतकऱ्यांच्या मालकीचे म्हणून नव्हे, तर सरकारी यंत्रसामग्री म्हणून. कांस गवताने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरण्यासाठी केंद्र सरकारने १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेले साखळीपट्ट्यांचे अमेरिकी ट्रॅक्टर तिच्या हाती होते. १९४९ मध्ये जागतिक बँकेने अशी अवजड यंत्रे आणण्यासाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. या ट्रॅक्टरांची नावे शेतकऱ्याच्या घरात आली नाहीत, कारण ती यंत्रे त्याची नव्हती.

वर्ध्यातच याच्या उलट विचारही रुजला होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा हे मगनवाडीतून बैल व शेणखतावर उभ्या असलेल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेची बाजू मांडत आणि ट्रॅक्टरला विरोध करत. १९३८ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे व ग्रामोद्योगांची साधने जपलेली आहेत. आज त्याच जिल्ह्यात पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरही धुऊन सजवले जातात.

मॅकॉर्मिक, इंटरनॅशनल, महिंद्रा

एकाच यंत्राने किती नावे धारण केली याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे बी-२७५ हा ट्रॅक्टर. अमेरिकेतील मॅकॉर्मिक, डीअरिंग व इतर काही कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी स्थापन झाली. तिच्या ब्रिटिश शाखेने १९५८ मध्ये ‘मॅकॉर्मिक इंटरनॅशनल बी-२७५’ बाजारात आणला. ‘बी’ हे अक्षर ब्रिटिश बनावटीचे द्योतक मानले जाते. २७५ हा आकडा अश्वशक्ती दाखवत नाही. हा ट्रॅक्टर सुमारे ३५ अश्वशक्तीचा होता.

१९६३ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि मुंबईत बी-२७५ चे उत्पादन सुरू झाले. महिंद्रा हे नावही फार जुने नव्हते. १९४५ मध्ये स्थापन झालेली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर, १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरे तेवढी कायम राहिली.

या ट्रॅक्टरांच्या घराण्याचे चिन्ह म्हणजे काळ्या ‘एच’वर बसवलेला लाल ‘आय’. रेमंड लोवी या अभिकल्पकाने ते १९४० च्या दशकात तयार केले. समोरून पाहिल्यास ‘एच’ ही ट्रॅक्टरची चाके आणि ‘आय’ हा त्यावर बसलेला चालक दिसतो. आगगाडीच्या भोजन-डब्यातील खाद्यपत्रिकेवर लोवीने त्याचे पहिले रेखाटन केले, असे सांगितले जाते. कंपनीच्या शेती-ट्रॅक्टरांचा लाल रंग १९३६ पासूनचा आहे. महिंद्राच्या ट्रॅक्टरांनीही लाल रंग पुढे चालवला.

१९७७ मध्ये संयुक्त कंपनी महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन होऊन तिचा ट्रॅक्टर विभाग बनली. इकडे हा विभाग वाढत असताना अमेरिकेतील मूळ कंपनी आर्थिक संकटात सापडली. तिचा शेतीयंत्र विभाग १९८५ मध्ये टेनेको समूहाने घेऊन केस कंपनीला जोडला. उरलेल्या मालमोटार व्यवसायाने १९८६ मध्ये नॅव्हिस्टार हे नाव घेतले. परिणामी जुन्या बॉनेटवरील एकाच ओळीचे तुकडे पडले. ‘आयएच’ चिन्ह केस आयएचकडे राहिले, ‘इंटरनॅशनल’ हा शब्द मालमोटारींकडे गेला, ‘मॅकॉर्मिक’ हे नाव पुढे इटलीच्या आर्गो समूहाच्या ट्रॅक्टरांवर आले आणि २७५ हा आकडा महिंद्राकडे उरला. ‘२७५ डीआय’ हे नाव आजही चालते. ‘डीआय’ म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे इंजिन. वर्ध्याला लागून असलेल्या नागपूर जिल्ह्यात, हिंगणा औद्योगिक क्षेत्रात, महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे.

जोडनावे

१९७० व १९८० च्या दशकांत सरकारचे धोरण देशांतर्गत विक्रीच्या मालावर निव्वळ परदेशी नाव लावण्यास सामान्यतः प्रतिकूल होते. हे निर्बंध १९९२ मध्ये दूर झाले. त्या काळातील जोडनावांमागे, दुचाकी व मोटारींप्रमाणेच, हे एक कारण होते. महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे नाशिकची किर्लोस्कर ट्रॅक्टर्स. लोखंडी नांगरामुळे किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्यांना कित्येक दशके परिचित होते. १९७४ मध्ये जर्मनीतील डॉइट्झच्या सहकार्याने ते ट्रॅक्टरवर आले. नांगरावरील विश्वास ट्रॅक्टरवर चढवण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल, पण महिंद्रा किंवा मॅसीइतके स्थान या ट्रॅक्टराला बाजारात मिळाले नाही.

सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे ‘झेटर’ हा चेक ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली. झेटर हा शब्द ब्र्नो येथील झ्ब्रोयोव्का कारखान्याच्या आद्याक्षराचे चेक नाव ‘झेट’ आणि ‘ट्रॅक्टर’मधील अखेरचा ‘ऑर’ यांच्या जोडणीतून झाला आहे.

पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ मध्ये आणलेला ‘स्वराज ७२४’ या सर्वांहून वेगळा होता. त्याची रचना दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झाली होती. त्यामुळे बॉनेटवर कोणतेही परदेशी नाव नव्हते. २००७ मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली, तरी स्वराज हे नाव स्वतंत्र ठेवले.

नावावरून झालेले वाद

नाव कोणाचे, हा प्रश्न जगभर न्यायालयात गेला आहे. हॅरी फर्ग्युसन व हेन्री फोर्ड यांच्या तोंडी करारातून १९३९ मध्ये आलेल्या फोर्ड ट्रॅक्टरावर फोर्डच्या चिन्हाखाली ‘फर्ग्युसन सिस्टीम’ अशी दुसरी पट्टी असे. १९४७ मध्ये हा करार संपल्यावर फर्ग्युसनने दावा लावला आणि १९५२ मध्ये फोर्डने ९२.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

भारतात एस्कॉर्ट्सने फोर्डच्या सहकार्याने ‘फोर्ड ३०००’ व ‘फोर्ड ३६००’ बनवले. फोर्डने आपला ट्रॅक्टर व्यवसाय फियाटला विकल्यानंतर हे नाव एस्कॉर्ट्सला सोडावे लागले आणि १९९० च्या दशकात त्याच परंपरेतील निळे ट्रॅक्टर ‘फार्मट्रॅक’ या नावाने विकले जाऊ लागले. चेन्नईच्या टॅफे कंपनीचा अनुभव याच्या विरुद्ध ठरला. १९६० पासून मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवणाऱ्या टॅफेशी असलेला करार अमेरिकेच्या ॲग्कोने २०२४ मध्ये संपवला व प्रकरण न्यायालयात गेले. २०२५ च्या तडजोडीत भारत, नेपाळ व भूतानपुरती या नावाची मालकी टॅफेला मिळाली.

ओळख पटवणे

बॉनेट हा चार बोल्ट काढले की बदलता येणारा भाग आहे. एका ट्रॅक्टराचे बॉनेट दुसऱ्यावर चढवणे, जुन्या प्रतिमानावर नव्याची पट्टी लावणे किंवा दुरुस्तीनंतर बाजारात मिळेल ते स्टिकर चिकटवणे हे प्रकार आढळतात. त्यामुळे केवळ नावावरून ट्रॅक्टराचे वर्ष ठरवणे धोक्याचे असते. चेसिस व इंजिनवर ठोकलेले क्रमांक नोंदणी-पुस्तकातील क्रमांकांशी ताडून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. वर्धा जिल्ह्याचा ‘एमएच-३२’ हा संकेतांक १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरच्या पद्धतीतला असल्याने, त्यावरून त्याहून जुन्या यंत्राचे वय कळत नाही.

मूळ रूपात दुरुस्ती करताना जुना रंग घासण्यापूर्वी अक्षरांची उंची, त्यांतील अंतर व बॉनेटच्या कडेपासूनची जागा मोजून छायाचित्रे घेतली जातात. पट्टीखालचा रंग उन्हापासून बचावलेला असल्याने, पट्टी निघून गेली तरी तिच्या जागी अक्षरांचा गडद ठसा पुष्कळदा दिसतो. नवी छाप त्या ठशावरून कापता येते.