चिकित्स्य ‘पुरुष’ कोण?

‘मी कोण’ आणि ‘आयुष्य कशासाठी’ हे प्रश्न तत्त्वज्ञांचे आहेत, असे मानले जाते. चरकसंहितेचे शारीरस्थान मात्र ‘कतिधापुरुषीय’ या अध्यायाने, म्हणजे याच विचाराने सुरू होते. तेथे पुरुष तीन प्रकारे सांगितला आहे : केवळ चेतनाधातू, पंचमहाभूते व चेतना मिळून षड्धातुज, आणि चोवीस तत्त्वांचा राशिपुरुष. आत्मा निर्विकार आहे; रोग व चिकित्सा यांचा संबंध संयोगरूप पुरुषाशी येतो. म्हणून केवळ शरीर पाहणारी चिकित्सा अपुरी ठरते.

जीवनहेतूविषयी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात तीन एषणा आहेत : प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा. येथे क्रम महत्त्वाचा. धन निषिद्ध नाही. परंतु त्याचे स्थान प्राणानंतरचे आहे. अनावश्यक औषध देणारा वैद्य व विकणारा औषधविक्रेता हा क्रमच उलटा करतात.

आमच्या हिंगोली जिल्ह्याला हा विचार परका नाही. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना ईश्वराच्या सर्वव्यापित्वाचा बोध केला, अशी परंपरा आहे.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला शेतकरी ‘आता माझा उपयोग काय?’ असे विचारतो, तेव्हा केवळ तैल व काढा पुरत नाही. त्याच ११ व्या अध्यायात सांगितलेली सत्त्वावजय चिकित्सा, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, तेथे योजावी लागते. ती दुकानात मिळत नाही; वैद्याने रुग्णाजवळ बसूनच ती द्यावयाची असते.